डोन्ट फिअर द रीपर: मरणाचं गाणं का प्रेमाचं? आणि सांगलीत काउबेल कुठं मिळंल?

विश्रामबाग_ड्रमर

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, इंजिनिअरिंग थर्ड इयर. आमचा पाच जणांचा बँड आहे, बँड म्हंजे दोन गिटार, एक बेस जो उसना आणलाय, ड्रमवर मी, आणि गाणारा पोरगा खरं तर गावच्या भजनी मंडळातला आहे पण आवाज कडक. यंदा गॅदरिंगला ब्लू ऑयस्टर कल्ट या अमेरिकन रॉक बँडचं डोन्ट फिअर द रीपर करायचं ठरलं. दीड महिना पत्र्याच्या शेडमध्ये प्रॅक्टिस केली, शेजारच्या काकू दोनदा येऊन भांडून गेल्या, आणि आता काय तर कमिटीतल्या एका सरांनी गाण्याचं नाव नेटवर टाकलं, काहीतरी वाचलं आणि सांगितलं की हे आत्महत्येवरचं गाणं आहे, आपल्या स्टेजवर चालणार नाही, दुसरं बसवा. आम्ही म्हटलं सर तसं नाहीये. तर म्हणाले मग कसं आहे ते लिहून आणा.

आता लिहून काय आणू, खरं सांगायचं तर आम्ही गिटारच्या रिफवर, म्हंजे परत परत येणाऱ्या त्या तुकड्यावर, फिदा होऊन घेतलं होतं, शब्द कुणी नीट वाचलेच नव्हते. परवा बसून वाचले तर मलाच शंका यायला लागली. शेवटच्या कडव्यात पडदे उडतात, मेणबत्ती विझते आणि ती पोरगी त्याचा हात धरून जाते. जाते म्हंजे कुठं जाते??

दुसरा प्रश्न, हसू नका. यात ती फेमस काउबेल आहे, काठीनं वाजवायची घंटा. ऑनलाइन आहे पण गॅदरिंगच्या आत हातात पडंल याची गॅरंटी नाही. सांगली-मिरजेत कुणाकडं असंल तर दोन दिवस द्या, जपून वापरीन. नाहीतर बैलाच्या गळ्यातली घंटा चालंल का?


नुसता_सांगलीकर

घंटा आणतोस तर बैल पण आण स्टेजवर. विषय हार्ड होईल.


घाटमाथा

सर बरोबर बोलतायत. गाण्यात सरळ रोमिओ ज्युलिएटचं नाव आहे, ते दोघं कसे मेले हे सगळ्या जगाला माहितीय. पुढं रोज चाळीस हजार बाया-माणसं असं पण म्हणतो. यात प्रेम कुठनं आलं? आणि तसंही एका गाण्याचा बँड आहे हा, कशाला एवढं डोक्यावर घ्यायचं. आपलं मराठी काहीतरी बसवा की.


अजिंक्यतारा_७१

सातारहून लिहितोय. दुपारी जेवून पडलो होतो, हे वाचून उठलो, त्यामुळं लांबण लागणार, सांभाळून घ्या.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं १९८९ साली पुण्यात, हॉस्टेलवर. रूममेटच्या भावानं दुबईहून कॅसेट आणलेली, नव्वद मिनिटांची, वर बॉलपेननं नुसतं रॉक मिक्स २ लिहिलेलं. गाण्याचं नाव काय, बँड कुठला, दोन वर्षं पत्ता नव्हता. आम्ही त्याला ते "टुंग टुंग वालं" म्हणायचो. आणि मधल्या सोलोच्या, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्याच्या, जागी टेप नेमकी गुंडाळायची, मग पेन्सिल घालून फिरवायची, असं इतक्या वेळा झालं की ती पट्टी तिथं ताणली गेली. आज मोबाईलवर स्वच्छ ऐकताना पण त्या जागेला माझ्या डोक्यात सूर जरा खाली बसतो.

आता मुद्द्याचं. बँड न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडचा. गाणं लिहिलं आणि गायलं त्यांच्या लीड गिटारिस्टनं, डोनाल्ड रोझर, स्टेजवरचं नाव बक धर्मा. हो, धर्मा. एरवी बहुतेक गाणी एरिक ब्लूम गायचा, हे मात्र रोझरनं स्वतः गायलंय, आणि ओरडून नाही, शेजारच्याला झोपेतनं उठवू नये अशा आवाजात. १९७५-७६ च्या सुमारास गाणं घरच्या घरी टीप, म्हणजे रेकॉर्ड, करायची छोटी चार ट्रॅकची मशिनं बँडवाल्यांच्या हातात आली होती, हे गाणं तसंच घरात, एकट्यानं बसून झालेलं आहे. ऐकताना ते कळतं. गर्दीसाठी लिहिलेलं गाणं नाहीच हे.

त्याच्या डोक्यात काय होतं, तर आपण लवकर गेलो तर? माणूस तेव्हा तिशीचा पण नव्हता. पण मनात आलं की आपण मेलो तर आपलं जे माणूस आहे ते परत भेटेल का, प्रेम शरीराबरोबर संपतं का पुढं काही राहतं. बास. एवढ्यावर गाणं आहे. लोक याला आत्महत्येची जाहिरात समजतात हे कळल्यावर त्याला धक्काच बसला होता, हे त्यानं नंतर मुलाखतीत सांगितलंय, आणि हे प्रेमाचं गाणं आहे हे पण तो तेव्हापासून सांगतच आलाय. पन्नास वर्षं एकच खुलासा करत बसायचं म्हणजे पण कठीण आहे.

घाटमाथा, तुमचे चाळीस हजार. गडी हिशेबाला कच्चा होता एवढंच. रोज जगात माणसं किती मरत असतील असा अंदाज त्यानं ठोकून दिला, गाण्याच्या मीटरमध्ये बसला, ठेवला. खरा आकडा तेव्हाच लाखाच्या वर होता, आज दीड लाखाच्या पुढं आहे. आणि तो आकडा आत्महत्येचा असणं तर शक्यच नाही, जागतिक आरोग्य संघटना वर्षाला साधारण सात लाखांच्या वर सांगते, म्हणजे दिवसाला दोन हजार. तेही फार आहेत, पण चाळीस हजार नाहीत. म्हणजे तो एकूण मरणाबद्दल बोलतोय. म्हातारपण, आजारपण, अपघात, सगळं धरून. रोज माणसं जातात, उद्या आपण, त्यात एवढं भिण्यासारखं काय, असा सूर आहे.

रीपर हा शब्द पण समजून घे बाळा. रीपर म्हणजे कापणीवाला. गोऱ्यांचा यम काळा झगा घालून, हाडाचा सापळा, हातात लांब दांड्याचा विळा घेऊन येतो. आपला रेड्यावर बसून फास घेऊन येतो, त्यांचा पीक कापत येतो. तुम्ही तर उसाच्या मुलखातली पोरं, तुम्हाला हे जड जायला नको. टोळी फडात शिरली की कोवळा कुठला न् जून कुठला बघत नाही, सरळ बुडख्यातनं.

बाकी इतिहास पटकन: न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत टीप झालं, मे १९७६ ला एजंट्स ऑफ फॉर्च्युन हा अल्बम आला, त्यात हे. अमेरिकेत १२ नंबरपर्यंत चढलं, इंग्लंडमध्ये १९७८ ला १६ वर. रेडिओसाठी जे सिंगल काढलं त्यात मधला सोलो कापून पाच मिनिटांचं पावणेचार केलं. म्हणजे पहिल्यांदा ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना ते मधलं वादळ मिळालंच नाही. तुम्ही पोरांनो कृपा करून कापू नका. तेवढी हळू हळू चाललेली रिफ, मग एकदम थांबतं, मग ते सगळं अंगावर येतं, आणि परत तीच रिफ जशी काही झालंच नाही. तो सोलो नाही घेतला तर गाणं नुसतं छान आहे, घेतला तर कळतं की हा माणूस पण घाबरलेलाच आहे, दुसऱ्याला भिऊ नको म्हणताना.


नुसता_सांगलीकर

काका रेड्यावरनं आठवलं. रेड्याच्या गळ्यात घंटा असणारच की. म्हंजे ती टॉक टॉक टॉक काउबेल म्हंजे यमच येतोय चालत 😂


अजिंक्यतारा_७१

च्यायला. पस्तीस वर्षं ऐकतोय, हे सुचलं नव्हतं. आता ऐकताना रेडाच दिसणार.


घाटमाथा

आकड्याचं मान्य. एका गाण्याचा बँड हे मागं घेत नाही.


अजिंक्यतारा_७१

गॉडझिला ऐका, १९७७. बर्निन फॉर यू ऐका, १९८१, ते पण रोझरनंच गायलंय. आणि मेटॅलिकानं १९९८ ला गॅरेज इंकमध्ये ज्यांचं ॲस्ट्रॉनॉमी वाजवलं ते हेच लोक. तुम्ही एकच ऐकलंय हा बँडचा दोष नाही. शिवाय नावातल्या ओ वर ती दोन टिंबं द्यायची फॅशन यांच्यापासनं सुरू झाली, उच्चाराला काडीचा फरक पडत नाही, नुसता रुबाब. मग मोटरहेड काय, मॉटली क्रू काय, सगळ्यांनी टिंबं लावून घेतली.


हळदीचं_दूध

मी इथंच सांगलीत ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते, रॉकमधलं मला फार कळत नाही, पण हा धागा वाचून गाणं दोनदा ऐकलं आणि शब्द काढून बघितले. काकांनी बरंच सांगितलंय. मी फक्त शब्दांबद्दल बोलते कारण सरांना पटवायचं असेल तर शब्दच दाखवावे लागतील, रिफ दाखवून उपयोग नाही.

पहिलं म्हणजे नाव. मूळ नावात "डोन्ट फिअर" हे कंसात छापलेलं आहे आणि "द रीपर" कंसाबाहेर. माझ्या वर्गात मी हेच पहिलं विचारलं असतं, कंस का? यम तर आहेच, तो ठळक आहे, तो कुणी काढू शकत नाही. भिऊ नको हे माणसानं हळूच त्याच्या कानाशी जोडलेलं आहे.

मग पहिलं कडवं. ऋतू, वारा, ऊन, पाऊस यांना कापणीवाल्याची भीती नाही, आपल्यालाही तसं होता येईल. यात कुठंही स्वतःहून जा असं नाही. पानगळीला झाड जीव देत नाही, पान गळतं.

दुसऱ्यात रोमिओ ज्युलिएट येतात आणि सगळा घोळ तिथं होतो हे मान्य करावं लागेल. लिहिणाऱ्याला त्यांचा शेवट कसा झाला हे सांगायचं नाहीये, ते दोघं आता कायमचे एकत्र आहेत हे सांगायचंय. पण उदाहरणच असं घेतलं की ऐकणारा विषाच्या बाटलीपाशी अडकतो. तो आपल्याकडचा असता तर सावित्री-सत्यवान घेतले असते. तिथं पण यमच आहे, दोर पण आहे, प्रेम मरणाच्या पुढं जातं हे पण आहे, फक्त सावित्री नवऱ्याच्या मागं जाऊन त्याला घेऊन परत येते. वटपौर्णिमेला दर वर्षी आपण वडाला दोरा गुंडाळून हीच गोष्ट सांगतो आणि त्याला कुणी मरणाचा प्रचार म्हणत नाही.

तिसऱ्या कडव्यात तू विचारलंस ती पोरगी. माझं वाचन असं: तो आधीच गेलेला आहे. ती मागं राहिली आहे, एकटी, रात्रीमागून रात्री काढतेय, आता पुढं जमत नाही अशा टोकाला आलेली आहे. मग पडदा, वारा, मेणबत्ती, आणि तो दारात. म्हणजे तिची वेळ आली आणि न्यायला कोण आलं तर सापळा नाही, तिचाच माणूस. आपल्या आज्या शेवटच्या दिवसांत म्हणतात ना, "हे आलेत न्यायला, तिथं दारात उभे आहेत बघ." माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. घरात कुणी घाबरलं नाही तेव्हा, उलट सगळे दाराकडं बघायला लागलो.

आता सरांबद्दल. त्यांच्यावर फार हसू नका. वर्गात उभं राहिल्यावर एखादा मुलगा आठवडाभर खाली मान घालून बसलेला दिसतो तेव्हा पोटात काय होतं ते मला माहीत आहे. शंभर मुलं गाणं म्हणून ऐकतील आणि एखादं त्या दिवशी वेगळ्याच मनःस्थितीत असेल, ही भीती खोटी नाही. तेव्हा वाद घालायच्या ऐवजी गाण्याच्या आधी दोन वाक्यं माईकवर बोला, हे गाणं लिहिणाऱ्यानं कशावर लिहिलं ते, मराठीत, साधं. सरांना पण तेच लिहून द्या. अर्ध्या पानाच्या वर लिहू नका, सर लोक अर्ध्या पानाच्या पुढं वाचत नाहीत, मी पण वाचत नाही.

आणि तुमचा गायक भजनी मंडळातला आहे ना, त्याला विचार तुकोबांचा तो अभंग, आपलं मरण आपल्याच डोळ्यांनी बघितलं आणि तो सोहळाच झाला म्हणतात तो. दर एकादशीला म्हणत असेल बिचारा.


विश्रामबाग_ड्रमर

मॅडम खतरनाक. विचारलं त्याला. म्हणाला, "हां म्हणतो की, पण ते देवाचं आहे, हे इंग्रजी आहे." 😅 मग पाच मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला परत एकदा लाव जरा ते गाणं.

तुमच्या सासूबाईंचं वाचून अंगावर काटा आला. लिहायला घेतो आजच. काका तुमचा उसाचा मुद्दा पण घालू का?


अजिंक्यतारा_७१

घाल. सर शेतकरी घरातले असले तर तिथंच पास होशील.


मिरज_जवारी

काउबेलवर कुणीच बोलंना म्हणून लिहितो. आमच्या घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम चालतं, पिढ्यांचं, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा गल्लीत पेढे वाटलेत आम्ही. गिटारी पण येतात सेटिंगला, नाही म्हणत नाही. तर भावा ऐक.

बैलाची घंटा चालणार नाही. म्हंजे चालंल, पण तुझं गाणं खाऊन टाकंल. का ते सांगतो. बेंदराला बाजारात ज्या घंटा येतात त्या पितळेच्या, ओतीव. एकदा वाजली की टण्णण करत राहते, आम्ही त्याला आस म्हणतो. तंबोऱ्यात ती आस हवी असते, त्यासाठी घोडीवर, म्हंजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढताना कानस न् पॉलिशपेपर घेऊन दिवस जातो, तारेखाली दोरा सरकवून सरकवून बघायचा, एक केसभर इकडं तिकडं झालं की तंबोरा मुका. तुमच्या काउबेलमध्ये उलटं. तिथं आस मारायची असते. रॉकवाल्यांची ती घंटा लोखंडी पत्र्याची, आत लोलक नाही, स्टँडला बांधून काठीनं हाणायची. टॉक. संपलं. पुढच्या ठोक्याला जागा मोकळी. तुमच्या या गाण्यात सरळ एकेक ठोका पडत राहतो, पितळी घंटा घेतलीस तर पहिल्याची आस दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात, चौथ्या ठोक्याला देवळात आल्यासारखं वाटंल.

आणि मूळ टिपेत तर साधी काउबेल पण जास्त वाजत होती. म्हणून ड्रमर आल्बर्ट बुशार्डनं तिला भरपूर चिकटपट्टी गुंडाळली आणि मग वाजवली, हे त्यानंच सांगितलेलं आहे. घंटा वापरायची कल्पना प्रोड्युसर डेव्हिड लुकासची. आधी बुशार्डला वाटलं हा येडा झालाय. नंतर म्हणाला त्या घंटेनंच सगळं गाणं एकत्र बांधलं. तसं वाजवली कुणी यावरनं त्यांच्यात एकमत नाही, लुकास म्हणतो मीच वाजवली. आमच्या गल्लीत पण एखादा तंबोरा चांगला लागला की तीन घरं म्हणतात आमचा.

तुला काय पाहिजे तर पत्र्याची घंटा. जत-आटपाडीकडं शेळ्या-मेंढ्यांच्या गळ्यात असते बघ, वाकवून रिबिट मारलेली, चौकोनी तोंडाची. आटपाडीच्या बाजारात मिळंल. आतला लोलक तारेनं बांधलेला असतो, पक्कडीनं सोड. मग बाहेरनं इलेक्ट्रिशियनची काळी टेप दोन वेढे, आणि तोंडाच्या काठावर काठीच्या टोकानं नाही, जाड भागानं मार. टोकानं मारलीस तर किणकिण येईल, जाड भागानं पोटातनं आवाज येतो. घेऊन ये मिरजेला, ऐकून सांगतो किती टेप लागंल ते. पैसे नकोत, चहा पाज.


विश्रामबाग_ड्रमर

भावा तू देव आहेस. आमच्या बेसवाल्याचा मामा आटपाडीचा. फोन लावलाय.

एक राहिलं. त्या काउबेलच्या रीलचं काय प्रकरण आहे? मी गाणं तिथनंच शोधलं खरं तर. एकजण म्हणतो मला ताप आलाय आणि औषध म्हंजे अजून काउबेल. सगळे हसतात. ते या बँडचंच खरं फुटेज आहे का?


अजिंक्यतारा_७१

नाही रे. ते अमेरिकेतल्या सॅटर्डे नाइट लाइव्ह कार्यक्रमातलं प्रहसन आहे, ८ एप्रिल २००० चं. गाणं टीप होताना स्टुडिओत काय झालं असेल अशी कल्पना करून केलेलं. विल फेरेलनं ते लिहायला घेतलेलं आणि काउबेलवाला तोच झालाय, तोकडा शर्ट, पोट बाहेर, जीव तोडून घंटा बडवतोय, आणि प्रोड्युसर झालेला क्रिस्टोफर वॉकन एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणतो अजून घंटा पाहिजे. बाकीच्या नटांना हसू आवरत नाही, त्यातच निम्मी मजा. फेरेलचं पात्र जीन फ्रेंकल, असा माणूस बँडमध्ये कधीच नव्हता, तरी लोकांना तो खराच वाटतो. वॉकनच्या पात्राचं नाव ब्रूस डिकिन्सन. आता आयर्न मेडनवाल्यांनी उड्या मारू नका, त्यांचा गायक नव्हे. त्या नावाचा एक माणूस रेकॉर्ड कंपनीत जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या काढण्याच्या कामाला होता, सीडीच्या कव्हरवर नाव होतं, यांनी उचललं. गाणं टीप होताना तो तिथं नव्हता. तिथं लुकास, मरे क्रुगमन आणि सँडी पर्लमन होते.

आता माझं दुखणं सांगतो. त्या प्रहसनाआधी हे गाणं भीतीच्या सिनेमांचं होतं. १९७८ च्या हॅलोवीनमध्ये पोरी गाडीतनं चालल्यात, रेडिओवर हे चालू आहे आणि मागनं तो मुखवटेवाला गाडी घेऊन येतोय, त्यांना पत्ता नाही. त्याच वर्षी स्टीफन किंगनं द स्टँड कादंबरीच्या सुरुवातीला या गाण्याच्या ओळी घातल्या, आणि १९९४ ला त्यावर मालिका आली ती तर सुरूच या गाण्यानं होते. सगळीकडं माणसं मरून पडलेली आणि वर हे हळू गाणं. बघून मी रात्री लाइट चालू ठेवून झोपलो होतो, वय वर्षं तेवीस.

मग २००० आलं आणि सगळं हसण्यावारी गेलं. गाणं जगलं त्या विनोदामुळं हे खरं, तुझ्यासारख्या पोरापर्यंत सांगलीत पोचलं, ते नसतं पोचलं. पण आता कुठंही हे गाणं लागलं की लोक पहिल्या मिनिटाला घंटा शोधायला लागतात आणि मग त्या घंटेपलीकडं काही ऐकतच नाहीत. आणि जे बँड वाजवतात ते लोकांना हसवायला म्हणून घंटा हाणतात. मूळ टीप हेडफोन लावून ऐक. घंटा कुठं आहे? मागं, खाली, भिंतीपलीकडं कुणीतरी खुंटी ठोकतंय एवढीच. पट्टी गुंडाळून आवाज मारलाय तो उगाच नाही. असून नसल्यासारखी आहे म्हणून तर ती अंगावर येते. रेडा लांब आहे अजून.


घाटमाथा

हेडफोन लावून ऐकलं आत्ता. घंटा सापडायला वेळ लागला खरं. सोलो जबरी आहे. बाकी माझं मत तेच.


नुसता_सांगलीकर

घाटमाथा हळूहळू बाटतोय.


विश्रामबाग_ड्रमर

अपडेट देतो, उशीर झाला, सबमिशन चालू होत्या.

एक. मामानं आटपाडीच्या बाजारातनं दोन घंटा पाठवल्या, एक शेळीची एक मेंढीची म्हणे, मला फरक कळला नाही, मिरज_जवारी भावानं एक ठोका मारून ऐकला आणि मेंढीची परत दिली. पक्कडीनं लोलक काढला, टेप दोन वेढे, मग ऐकून अजून अर्धा. अर्धा म्हंजे खरंच अर्धा, कात्रीनं कापून लावला. चहा त्यानंच पाजला, मला देऊ दिले नाहीत पैसे. तिथं भिंतीला वाळत घातलेले भोपळे बघितले, एवढाले, आणि एक म्हातारे चाचा तंबोरा कानाला लावून बसलेले, आम्ही असेपर्यंत त्यांनी मान पण वर केली नाही.

दोन. सरांना अर्धं पान दिलं. ऊस, सावित्री, चाळीस हजाराचा हिशेब आणि न्यायला आलेला माणूस, सगळं घातलं. सरांनी उभ्याउभ्या वाचलं. चाळीस हजारापाशी थांबले, मोबाईल काढून भागाकार केला, मॅथ्सचे आहेत. मग म्हणाले ठीक आहे, पण आधी दोन वाक्यं बोलायचीच, आणि बोलायला गायक नको, मुलगी कुणीतरी घ्या, स्पष्ट बोलणारी. आमच्या वर्गातली एकजण तयार झालीय.

तीन. काल स्टेजवर साउंड चेक होता. सर शेवटच्या रांगेत बसले होते, एकटेच, अख्खं गाणं हलले नाहीत. सोलो संपून रिफ परत आली तेव्हा खाली बघत होते. मला वाटलं आता गेलं परत. संपल्यावर चालत स्टेजपर्यंत आले आणि म्हणाले, "बाकी असू दे. ती घंटा एवढी कशाला बडवतोयस? तुझा माईक काढ तिथला."

मी म्हटलं सर ती फेमस आहे. तर म्हणाले, "असंल. पण ती ऐकू यायला लागली की गाणं ऐकू येत नाही."


अजिंक्यतारा_७१

सरांना माझा नमस्कार सांग.


मिरज_जवारी

माईक काढायचाच होता. सांगायला विसरलो.


विश्रामबाग_ड्रमर

काढला. टेपचा राहिलेला अर्धा तुकडा पण लावला. गॅदरिंग शनिवारी आहे.